लिपिड प्रोफाइल चांगले असताना डोळ्याच्या पडद्यावर चरबी कुठून येते?

निपाणीजवळच्या एका गावातून एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६१ असून त्यांना १६ वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाल्यामुळे बेळगावात व्हिट्रेक्टॉमीची (डोळ्याच्या आतली जेली काढून टाकण्याची) शस्त्रक्रिया ठरली आहे आणि डाव्या डोळ्याच्या पडद्यावर ‘चरबीचे ठिपके’ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. तीन महिन्यांपूर्वी केलेले लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या लिपिडची, म्हणजे मेदाची तपासणी) मात्र सगळे मर्यादेत आहे. त्यातच, शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यातील द्रवाचा नमुना लिपिडच्या अभ्यासासाठी घेण्याची परवानगी मागणारा कागद त्यांच्यापुढे ठेवला गेला. तो कन्नड आणि इंग्रजीत होता, वडिलांना मराठीच वाचता येते, म्हणून सही राहून गेली. रक्तात चरबी नाही तर डोळ्यात कशी आली, त्या द्रवाच्या तपासणीचा वडिलांना काही उपयोग होईल का, आणि तूप-तेल बंद केले तर ठिपके जातील का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी गेली सव्वीस वर्षे बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांतील मधुमेही रुग्णांचे पडदे तपासत आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करत आलो आहे. अशा अभ्यासांसाठी डोळ्यातील द्रवाचे नमुने काढून देण्याचे कामही मी अनेकदा केले आहे. मुख्य गोष्ट आधी सांगतो. प्रयोगशाळेच्या कागदावर दिसणारी रक्तातली चरबी आणि डोळ्याच्या आत चालणारा मेदाचा व्यवहार ही दोन वेगळी खाती आहेत. एका खात्यातून दुसऱ्यात काही ये-जा होते हे खरे, पण पहिले खाते चोख आहे म्हणून दुसरेही चोख असेल असे धरून चालता येत नाही. ही चूक रुग्ण करतात आणि आम्ही डॉक्टरही बरीच वर्षे करत होतो.

डोळ्यातील द्रव म्हटले की बहुतेकांना अश्रू आठवतात, परंतु येथे त्यांचा संबंध नाही. बुबुळाच्या मागेपुढे खेळणारा पातळ जलीय द्रव वेगळा. तो जेमतेम पाव मिलिलिटर असतो. तुमच्या वडिलांच्या कागदावर ज्याचा उल्लेख आहे तो काचाभ द्रव, म्हणजे आम्ही दवाखान्यात ज्याला व्हिट्रस म्हणतो तो. भिंगाच्या मागची, पडद्यापर्यंतची सगळी पोकळी त्याने भरलेली असते. त्याचे आकारमान सुमारे ४ मिलिलिटर असते आणि त्यातले ९८ ते ९९ टक्के नुसते पाणी असते. उरलेल्या अल्पशा भागातले कोलॅजेनचे बारीक तंतू आणि हायलुरोनिक आम्ल त्या पाण्याला जेलीसारखे धरून ठेवतात. प्रकाश अडू नये म्हणून त्यात पेशी जवळपास नसतात, रक्तवाहिन्या नसतात आणि मेदही अत्यल्प असतो. व्हिट्रस पडद्याला चिकटून असल्यामुळे पडद्यात जे काही बिघडते त्याचे अंश त्यात उतरतात. विहिरीच्या पाण्यावरून झऱ्यांची अवस्था ओळखावी, तसा या द्रवावरून पडद्याचा अंदाज घेता येतो, आणि म्हणूनच संशोधकांना तो हवा असतो.

पडद्याला मेद नवा नाही. उलट, प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या टोकाशी एकावर एक रचलेल्या पातळ चकत्या असतात, त्या चकत्यांची आवरणे मेदाचीच असतात, आणि त्या मेदाम्लांत डीएचए नावाच्या ओमेगा-३ आम्लाचा वाटा शरीरातल्या कोणत्याही इतर ऊतीपेक्षा जास्त, जवळपास निम्म्यापर्यंत असतो. हा मेद पडदा जपून वापरतो, झिजलेल्या चकत्यांमधून परत मिळवतो आणि पुन्हा कामाला लावतो. रक्तातून काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे हे ठरवणारा एक कडेकोट बंदोबस्त असतो. पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या असतात आणि पडद्यामागचा रंगद्रव्याचा थरही तसाच बंद असतो. लिपिड प्रोफाइल या बंदोबस्ताच्या बाहेरची गोष्ट मोजते. त्यात एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड अशा मोजक्या ठोक बेरजा येतात. आतल्या शेकडो प्रकारच्या लिपिड रेणूंपैकी कोणता वाढला आणि कोणता घटला, याचा त्या कागदावर मागमूसही नसतो.

आता डाव्या डोळ्यातील ठिपक्यांकडे येऊ. आम्ही त्यांना हार्ड एक्झुडेट म्हणतो. ते मेणचट पिवळे असतात, त्यांच्या कडा स्पष्ट असतात, आणि पुष्कळदा ते अशा गोलाकारात मांडलेले दिसतात की मध्यभागी पाहिले तर गळणारी केशवाहिनी हमखास सापडते. ताक घुसळताना लोणी धरू लागले की रवीभोवती जसे बारीक पिवळसर कण दिसतात, तसे ते भिंगातून दिसतात. ते तयार होण्याची रीत समजून घेतली की पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने केशवाहिनीची भिंत कमकुवत होते आणि तिच्यातून रक्तातला पाण्यासारखा भाग पाझरतो, त्याबरोबर एलडीएलसारखे मेद वाहून नेणारे कणही बाहेर येतात. पाणी आजूबाजूच्या पेशी आणि वाहिन्या परत शोषून घेतात. मेद आणि प्रथिने मात्र मागे राहतात आणि साचतात, जशी पाणी आटल्यावर मिठागरात मिठाची खपली राहते. म्हणजे रक्तात मेद प्रमाणात असला तरी भिंत गळकी असेल तर ठिपके पडतात. रक्तात मेद जास्त असेल तर त्याच गळतीतून अधिक साचतो. मधुमेही डोळ्यांवरच्या उपचारांचा पाया घालणाऱ्या ईटीडीआरएस या अमेरिकी अभ्यासाच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हेच दिसले की ज्यांचे एकूण कोलेस्टेरॉल किंवा एलडीएल वाढलेले होते, त्यांच्यात असे ठिपके असण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. तेव्हा रक्तातल्या चरबीचा काहीच संबंध नाही असे माझे म्हणणे नाही. गळतीचे मूळ कारण ती नव्हे, एवढेच सांगायचे आहे.

साचलेला हा मेद निरुपद्रवी पडून राहत नाही. बाहेर पडलेल्या एलडीएलचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यावर साखर चिकटते, आणि असे बदललेले कण आजूबाजूच्या पेशींना विषासारखे ठरतात. केशवाहिनीला बाहेरून कवटाळून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या आधारपेशींना त्यांची सर्वाधिक झळ पोहोचते. शरीरातल्या इतर कोणत्याही केशवाहिन्यांपेक्षा पडद्यातल्या केशवाहिन्यांवर या पेशी दाट असतात, जवळपास प्रत्येक अंतःस्तर-पेशीमागे (वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशीमागे) एक. त्या मेल्या की भिंत आणखी ढिली पडते आणि गळती आणखी वाढते.

व्हिट्रसमध्ये काय सापडते, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. १९९४ साली डोळ्यातल्या द्रवाच्या २१० नमुन्यांवर झालेल्या एका अभ्यासाने आमच्या शाखेची दिशा बदलली. सक्रिय अवस्थेतल्या मधुमेही डोळ्यांच्या द्रवात व्हीईजीएफ हे नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारे प्रथिन वाढलेले आढळले, आणि आज आपण डोळ्यात जी इंजेक्शने देतो ती त्याच प्रथिनाला बांधून ठेवणारी आहेत. त्यानंतर साहजिकच संशोधकांचे लक्ष लिपिडकडे वळले, कारण व्हीईजीएफ वाढण्याआधी आणि वाढत असताना पेशींना निरोप देणारे कितीतरी रेणू मेदाम्लांपासून बनतात.

त्यांतले सर्वांत अभ्यासलेले कुटुंब अ‍ॅराकिडोनिक आम्लाचे आहे. हे २० कार्बनांचे ओमेगा-६ मेदाम्ल पेशींच्या आवरणात बांधलेले असते. पेशीवर ताण आला की फॉस्फोलिपेज नावाचे विकर (एन्झाइम) ते सोडवते, आणि मग त्याला तीन वाटा फुटतात. एका वाटेने प्रोस्टाग्लँडिन बनतात, जे सूज आणि गळती वाढवतात. दुसऱ्या वाटेने लायपॉक्सिजिनेज विकरे ५, १२ किंवा १५ क्रमांकाचे एचईटीई रेणू तयार करतात. नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या अवस्थेतल्या मधुमेही रुग्णांच्या व्हिट्रसमध्ये यांतले काही रेणू वाढलेले सापडले आहेत, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी गळतीला आणि नव्या वाहिन्यांना चालना दिलेली दिसली आहे. तिसरी वाट सायटोक्रोम विकरांची, तिच्याकडे पुढे येतो. पिवळ्या बिंदूवरची (पडद्याच्या मध्यावरच्या, सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या जागेवरची) सूज स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने उतरते याचे एक कारण असे की स्टेरॉइड या तिन्ही वाटांच्या वरच्या नाक्यावरच, फॉस्फोलिपेजलाच, अडवते. मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका वाढतो म्हणून ते प्रत्येकाला देता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मला स्वतःला सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष २०१७ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या एका गटाने मांडला. तो तिसऱ्या वाटेशी आणि डीएचएशी संबंधित आहे. डीएचए म्हणजे आपण ज्याला डोळ्याचे पोषण समजतो ते आम्ल. सायटोक्रोम विकरे त्याचे एपॉक्साइड करतात आणि विद्राव्य एपॉक्साइड हायड्रोलेज नावाचे दुसरे विकर त्या एपॉक्साइडचे १९,२०-डीएचडीपी या रेणूत रूपांतर करते. मधुमेही उंदरांच्या पडद्यात हे विकर वाढले, तसा हा रेणूही वाढला. मधुमेही दृष्टिविकार (मधुमेहामुळे पडद्यात होणारा बिघाड) असलेल्या माणसांच्या पडद्यात आणि व्हिट्रसमध्येही तो वाढलेला आढळला. त्याचे काम फार सूक्ष्म आहे. पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल धरून ठेवणाऱ्या प्रथिनांची जागा तो हलवतो. त्यामुळे पेरिसाइट आणि अंतःस्तर-पेशी यांना एकमेकींशी जोडून ठेवणारे दुवे सुटतात आणि पेरिसाइट वाहिनी सोडून दूर सरकतात. उंदरांमध्ये त्या विकराला अडवल्यावर हा बिघाड टळला. पोषक असलेल्याच मेदाम्लापासून, एका विकराचे पारडे जड झाल्यामुळे, अपायकारक रेणू तयार होतो, हे पाहिल्यावर ‘चांगली चरबी’ आणि ‘वाईट चरबी’ अशी सरधोपट विभागणी डोळ्याच्या बाबतीत किती अपुरी आहे ते ध्यानात येते. महत्त्व मेद किती आहे याला कमी आणि तो कोणत्या रूपात आहे याला जास्त आहे.

सिरामाइड आणि त्यांच्या गोतावळ्यातल्या स्फिंगोलिपिडांचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मधुमेहात पडद्याच्या पेशींमध्ये सिरामाइड बनवणाऱ्या विकराची क्रिया वाढते, सिरामाइड दाह आणि पेशींचा मृत्यू यांना वाट करून देतात, आणि मधुमेही व्यक्तींच्या व्हिट्रसमध्येही या गटाचे प्रमाण बदललेले दिसते. यावरून औषध हाती येण्याची वेळ अजून आलेली नाही.

हे सगळे वाचल्यावर वडिलांच्या द्रवाची तपासणी करून घ्यावी आणि त्यावरून औषध ठरवावे असे तुम्हाला वाटेल. तसे होणार नाही, आणि ते का, हे नमुना कसा घेतला जातो यावरून नीट कळेल. शस्त्रक्रियेच्या आरंभी बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे तीन बारीक छिद्रे पाडली जातात. एकातून आत खारट द्रावण सोडायचे असते, परंतु नमुना हवा असेल तर त्या नळीची चावी बंद ठेवावी लागते, नाहीतर व्हिट्रस पातळ होऊन मोजमाप व्यर्थ जाते. मी आतली जेली कापायला लागतो आणि सहायक पिचकारीचा दट्ट्या हळूहळू ओढतो. अर्धा मिलिलिटर, फार तर एक मिलिलिटर मिळते, तेवढ्यात डोळा मऊ पडू लागतो आणि द्रावण लगेच सुरू करावे लागते. ज्याला मधुमेह नाही आणि ज्याची शस्त्रक्रिया पडद्यावरच्या पातळ पापुद्र्यासाठी चालली आहे, त्याचा द्रव कुपीत उतरताना स्वच्छ आणि तारेसारखा दिसतो. जुना रक्तस्राव झालेल्या मधुमेही डोळ्याचा द्रव गवती पिवळा, कधी गेरूच्या पाण्यासारखा असतो. कुपी तत्काळ बर्फात आणि मग उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जाते, कारण असंतृप्त मेदाम्ले उघड्यावर हवेतल्या ऑक्सिजननेच बदलतात आणि मग रोगामुळे बनलेला रेणू कोणता आणि टेबलावर बनलेला कोणता हे सांगता येत नाही. पुढे क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणाने मेद वेगळा काढतात, ही रीत १९५७ सालापासून जवळपास तशीच चालत आली आहे, आणि मग वस्तुमान वर्णपटमापकावर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) एकेक रेणू मोजला जातो.

या वाटेवर फसगतीच्या जागा पुष्कळ आहेत आणि त्या मी तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही. सगळ्यांत मोठी अडचण रक्ताची आहे. तुमच्या वडिलांच्या डोळ्यात रक्तस्राव झालेला आहे. रक्ताबरोबर रक्तातला मेद येतो, तांबड्या पेशींच्या आवरणांतला मेद येतो, आणि बिंबिका (प्लेटलेट) येतात. या बिंबिका स्वतःच १२-एचईटीई मुबलक बनवतात. मग व्हिट्रसमध्ये सापडलेला १२-एचईटीई पडद्याने बनवला की फुटलेल्या वाहिनीतून आला, हे त्या एका आकड्यावरून कसे ठरवणार? म्हणून चांगल्या अभ्यासात हिमोग्लोबिन मोजून रक्ताळलेले नमुने बाजूला काढतात किंवा त्यांचा हिशोब वेगळा ठेवतात. दुसरी अडचण वेळेची. व्हिट्रेक्टॉमीची गरज पडते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे आमच्या कुपीत येतो तो शेवटच्या अंकाचा देखावा. सुरुवातीच्या अवस्थेतला व्हिट्रस मिळतो तो केवळ अशा मधुमेही रुग्णांचा, ज्यांची शस्त्रक्रिया पडद्याला पडलेल्या छिद्रासारख्या दुसऱ्याच कारणासाठी होते. शस्त्रक्रियेआधी दिलेले इंजेक्शन, पूर्वीचे लेसर, चालू असलेले स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध), मूत्रपिंडाची स्थिती, हे सगळे आकडे हलवतात. त्यात अशा अभ्यासांत रुग्ण काही डझन आणि मोजलेले रेणू कित्येक शे असतात, म्हणजे निव्वळ योगायोगानेही पाचदहा रेणू ‘वाढलेले’ दिसावेत. म्हणून या क्षेत्रातला एखादा निष्कर्ष दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा दिसेपर्यंत मी त्याच्यावर भार टाकत नाही.

तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की या तपासणीवरून तुमच्या वडिलांचा उपचार बदलणार नाही, तिचा अहवालही बहुधा तुमच्या हातात येणार नाही. तरीही मी नमुना द्यावा असेच म्हणेन, कारण ती जेली शस्त्रक्रियेत काढून टाकायचीच असते, ती पुन्हा तयार होत नाही, तिची जागा पुढे डोळ्यातला पातळ द्रव घेतो, आणि सुरुवातीच्या काही क्षणांत अर्धा मिलिलिटर बाजूला काढल्याने कुशल हातांत धोका फारसा वाढत नाही. मात्र सही समजून करायची असते. संशोधनासाठीची संमती सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत घेतली गेली पाहिजे, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. आपल्या भागात एकाच वॉर्डात कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे रुग्ण शेजारीशेजारी असतात, तेव्हा मराठीतला कागद मागण्यात संकोच वाटायचे कारण नाही. कागद नसेल तर मराठी येणाऱ्या डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने तो साक्षीदारासमोर वाचून समजावला पाहिजे. नमुन्याचे पुढे काय होणार, नाव गुप्त राहणार का, आणि नकार दिला तर शस्त्रक्रियेत काही फरक पडणार का, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे.

एक खुलासा येथेच करतो, कारण सारखाच शब्द वापरला जात असल्याने लोकांचा गोंधळ होतो. काही वयस्कर रुग्णांच्या व्हिट्रसमध्ये पिवळसर पांढरे चकाकणारे शेकडो कण तरंगताना दिसतात, नजर हलली की डोलतात आणि पुन्हा आपापल्या जागी येतात. १८९४ साली बेन्सन यांनी वर्णन केलेली ही अ‍ॅस्टेरॉइड हायलोसिस नावाची स्थिती. ते कण कॅल्शियम, फॉस्फेट आणि फॉस्फोलिपिड यांचे असतात. रुग्णाला बहुधा त्यांचा काहीच त्रास नसतो, पडदा पाहू इच्छिणाऱ्या डॉक्टरांना मात्र असतो. यालाही कोणी ‘डोळ्यात चरबी’ म्हणते. त्याचा आणि तुमच्या वडिलांच्या ठिपक्यांचा काही संबंध नाही.

आता या सगळ्या ज्ञानातून प्रत्यक्ष हाती काय येते ते पाहू. येथे फेनोफायब्रेट या जुन्या गोळीची हकिगत सांगणे आवश्यक आहे. ती मूळची ट्रायग्लिसराइड कमी करण्याची. फील्ड या चाचणीत ९,७९५ मधुमेही व्यक्तींना ती किंवा तिच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, डोळ्याला लेसर करावे लागलेल्यांचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ४.९ टक्के होते, तर फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत ३.४ टक्के. २०१० साली अकॉर्ड चाचणीच्या डोळ्यांच्या विभागात स्टॅटिनच्या जोडीला फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत चार वर्षांत रोग पुढे गेला तो ६.५ टक्क्यांत, फक्त स्टॅटिन घेणाऱ्यांत १०.२ टक्क्यांत. २०२४ साली स्कॉटलंडमधली लेन्स चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुरुवातीच्या अवस्थेतला दृष्टिविकार असलेले १,१५१ जण होते, आणि रोग पुढच्या टप्प्यावर जाण्याचे किंवा उपचाराची गरज पडण्याचे प्रमाण २९.२ टक्क्यांवरून २२.७ टक्क्यांवर आले. ऑस्ट्रेलियाने २०१३ सालीच या उपयोगाला मान्यता दिली होती. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी बाब अशी की फील्डमध्ये डोळ्यांना झालेला फायदा रक्तातल्या लिपिडच्या पातळीशी जुळत नव्हता. गोळीने ट्रायग्लिसराइड किती उतरवले यावरून डोळा किती वाचला हे सांगता येत नव्हते. ज्या ग्राहीवर (पेशीतल्या ज्या प्रथिनाला चिकटून) हे औषध काम करते तो पडद्यातही असतो, आणि त्याचा परिणाम बहुधा तिथेच होत असावा. दोन खाती वेगळी आहेत असे मी सुरुवातीला म्हटले, त्याला यापेक्षा चांगला पुरावा माझ्याजवळ नाही.

म्हणून डाव्या डोळ्यासाठी ही गोळी योग्य आहे का, हे फिजिशियनना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एकत्र विचारावे असे मी सुचवीन. विचारताना सीरम क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल हातात ठेवा. या गोळीने क्रिएटिनिन थोडे वाढते, मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते किंवा गोळी टाळावी लागते, आणि १६ वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंड तपासल्याशिवाय हे ठरवता येत नाही. स्टॅटिन चालू असेल तर ते हृदयासाठी आहे, ते आपल्या मनाने बंद करू नये. उजव्या डोळ्यातला रक्तस्राव या गोळीने भरून येणार नाही. तिथे शस्त्रक्रिया, लेसर आणि इंजेक्शन यांचेच काम आहे.

तूप-तेलाचा तिसरा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात विचारला जातो. केवळ तूप सोडल्याने ठिपके विरघळत नाहीत. गळती थांबली, म्हणजे लेसर किंवा इंजेक्शनाने भिंत सावरली, तर ते काही महिन्यांत हळूहळू शोषले जातात, आणि ठिपके पिवळ्या बिंदूच्या मधोमध साचून जुने झाले तर ते गेल्यावरही नजर पूर्ण परतत नाही. म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो. आहारात मी भर देतो तो तीन गोष्टींवर. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ‘साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो’ असे सांगणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच आहे आणि रक्तातली साखर तो तशीच चढवतो. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरणे थांबवावे. आणि मासे खात असाल तर आंबोली आणि चोर्ला घाटांतून आपल्या बाजारात येणारे बांगडे आणि तारल्या आठवड्यातून दोनदा, तळण्याऐवजी कालवणात खाव्यात. स्पेनमधल्या एका मोठ्या आहार-अभ्यासाच्या २०१६ सालच्या विश्लेषणात, माशांतून रोज ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ओमेगा-३ घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींत दृष्टीला धोका पोहोचवणारा विकार जवळपास निम्म्याने कमी आढळला. तो अन्नाचा अभ्यास होता, त्यावरून माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल विकत घ्याव्यात असा अर्थ मी काढत नाही. माळकरी घरांत जवसाची चटणी असतेच, ती अवश्य खावी. परंतु जवसातल्या ओमेगा-३ चे डीएचएमध्ये रूपांतर शरीर फार थोडे करते, त्यामुळे तिला माशाची जागा पूर्णपणे घेता येत नाही.

साखर आणि रक्तदाब यांना यातल्या कशानेही पर्याय नाही. युनायटेड किंग्डममधल्या यूकेपीडीएस अभ्यासात १९९८ साली दिसले की रक्तदाब काटेकोर ठेवल्याने दृष्टिविकार पुढे जाण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला. शस्त्रक्रिया जवळ आली म्हणून आठ दिवसांत साखर एकदम खाली आणण्याचा आग्रह मात्र धरू नका, कारण फार वेगाने उतरलेली साखर डोळ्याचा विकार काही काळ वाढवू शकते. ते काम फिजिशियनच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने करावे.

शेवटी डाव्या डोळ्याबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. उजव्याची शस्त्रक्रिया झाली, थोडे दिसू लागले, की घरचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि त्यात गळीत हंगाम सुरू झाला की ऊस गेल्यावर येऊ असे म्हणत डाव्या डोळ्याची तारीख चार महिने पुढे जाते. त्या चार महिन्यांत डावाही डोळा रक्ताने भरून आलेले रुग्ण मी दर वर्षी पाहतो. तुमच्या वडिलांच्या डाव्या डोळ्याचे ठिपके पिवळ्या बिंदूपासून किती अंतरावर आहेत आणि तिथे सूज आहे का, हे ओसीटी (पडद्याच्या थरांचे प्रकाशाने चित्र घेणाऱ्या) तपासणीत काही मिनिटांत कळते. उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासणीला जाल त्याच दिवशी डाव्याची बाहुलीही औषध घालून मोठी करा, ओसीटी करून घ्या, आणि त्याच्या उपचाराची तारीख हातात घेऊनच घरी परत या.